आदर्श नमुना

केतकी काळदाते प्रयोगशाळेतल्या त्या खुर्चीत बसली तीच मुळी भांडायच्या तयारीनं. खुर्ची आरामशीर होती, त्याचाही तिला राग आला. भिंतीवर हिरवळीचं चित्र हलत होतं, कुठूनतरी बासरी वाजत होती, आणि समोरच्या पडद्यावर तिच्या नावापुढे लाल ठिपका चमकत होता. त्याखाली लिहिलं होतं : दिवस नव्वदावा.

"आधी ती बासरी बंद करा," ती म्हणाली. "दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय."

डॉ. मैथिली शेजवळनं लगेच बासरी बंद केली. एक अक्षर बोलली नाही. मैथिली म्हणजे ताणमुक्ती केंद्राची मुख्य शास्त्रज्ञ, साऱ्या राज्याच्या कानामागे बसलेल्या यंत्राची जनक, आणि केतकीची सख्खी नणंद. चौदा वर्षांपूर्वी लग्नात थट्टा म्हणून केतकीनं तिला जुन्या वळणाचं 'वन्सं' म्हणायला सुरुवात केली होती. थट्टा केव्हाच संपली, हाक तेवढी उरली.

राज्यातल्या प्रत्येक नोकरदाराच्या उजव्या कानामागे, त्वचेखाली, तांदळाच्या दाण्याएवढा ताणवेधी बसवलेला होता. लोक त्याला नुसतं 'ठिपका' म्हणत, कारण बाहेरून दिसायचा तो त्याचा उजेड. माणूस शांत असला की हिरवा, ताणात असला की लाल. कायदा सरळ होता. लाल माणसानं कामावर पाऊल टाकायचं नाही, आणि सलग नव्वद दिवस लाल राहिलेल्या माणसावर केंद्र स्वतः उपचार करणार, त्याची इच्छा असो वा नसो. शहरात असे हट्टी लाल एकशे बारा उरले होते. आज पाळी केतकीची होती.

गंमत अशी, की केतकीला काहीही होत नव्हतं. रात्री आडवी पडली की ती सात तास ढिम्म हलत नसे. दोन वेळा चवीनं जेवायची. वैधमापन खात्यात वीस वर्षं तिनं दुकानदारांचे काटे आणि पेट्रोलपंपांची मापं तपासली होती आणि त्यापायी निम्म्या बाजारपेठेशी वैर घेतलं होतं, तेही मजेत. तिच्या खात्यात ठिपके आले तीन महिन्यांपूर्वी, आणि तिला घरी बसवलं होतं ते त्या ठिपक्यानं. आणि ज्या दिवसापासून घरी बसवलं, त्या दिवसापासून तिच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता.

"ही सही कर," मैथिलीनं एक कागद पुढे सरकवला. "संमती नाहीये ही, नुसती पोच आहे. उपचाराची माहिती मिळाली, एवढीच."

"म्हणजे मान कापणार तुम्ही, आणि सुरी बघितली म्हणून सही माझी!" केतकीनं कागद घेतला, पेन घेतलं नाही. "मी मापं तपासणारी बाई आहे, वन्सं. कुठल्याही काट्यापुढे मी एकच प्रश्न विचारते. हा कशाशी ताडून पाहिलाय? किलोचं वजन आम्ही तालुक्याच्या वजनाशी ताडतो, तालुक्याचं राज्याच्या, राज्याचं देशाच्या. तुमचा ठिपका कशाशी ताडलात?"

"माणसांशी," मैथिली म्हणाली.

"नीट सांगा. मी वेळ काढून आलेय. नोकरी नाही ना सध्या."

मैथिली सांगू लागली. आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "ताण थेट मोजता येत नाही. नाडी, श्वास, घाम, जबड्याचा ताठरपणा, आवाजाची पट्टी, एवढंच मोजता येतं. जिना चढलेल्या माणसाची नाडी धावते, चिडलेल्याचीही धावते आणि लग्नाला उभ्या राहिलेल्याचीही. कुठली खूण कशाची, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. आम्ही चाळीस हजार माणसं घेतली. दोन वर्षं. दिवसातून बारा वेळा कानात घंटी वाजायची आणि यंत्र विचारायचं, 'काय होतंय?' माणूस तोंडानं उत्तर द्यायचा. 'डोकं उठलंय', 'वैताग आलाय', 'जीव खाल्ला या लोकांनी', असं म्हणाला, की त्या क्षणी शरीराची जी खूण असेल ती ताणाची. 'काही नाही' म्हणाला, तर ती शांततेची. यंत्र शिकत गेलं. आता ते उत्तराची वाट बघत नाही. खुणेवरूनच ओळखतं."

"आणि उपचार?"

"शमनस्पंद. मानेतून हृदयाकडे जाणाऱ्या चेतातंतूला अगदी बारीक झटके. जाणवतही नाहीत. पण यंत्राला आधी त्या माणसाची स्वतःची शांतता दिसावी लागते, सलग नव्वद सेकंद. एकदा दिसली की ते तिचा नमुना नोंदतं आणि मग माणसाला तिथंच धरून ठेवतं. ढळायला लागला की स्पंद. बहुतेकांचा नमुना पहिल्या आठवड्यात मिळाला. तुझा नव्वद दिवसांत एकदाही मिळाला नाही. म्हणून तुला उसना नमुना चढवायचा. आदर्श नमुना. चाळीस हजारांत सगळ्यात स्पष्ट जो होता, तो."

"कुणाचा?"

"माझा."

केतकी खो खो हसली. "नमुना तर तुम्ही आहातच, वन्सं! चौदा वर्षं मी दुसरं काय सांगतेय सगळ्यांना?"

आणि ती थांबली. तिनं आयता चेंडू दिला होता, तो परत यायला हवा होता. मैथिली नुसती बघत राहिली.

ही तीच मैथिली का? हिनं केतकीच्या पहिल्या मोदकांच्या पाकळ्या पाहुण्यांसमोर मोजल्या होत्या. "चहात साखर घातलीस की साखरेत चहा?" हे हिचं दर रविवारचं वाक्य. केतकीनं नवे पडदे लावले, तर ही म्हणाली होती, "छान आहेत. मंडप कधी सुटणार?" केतकी मनात हिशेब करू लागली. शेवटचा टोमणा कधी? दिवाळीत नाही. संक्रांतीला नाही. मैथिलीला स्पंद सुरू होऊन अकरा महिने झाले होते, आणि अकरा महिन्यांत तिनं भावजयीला एकही टोमणा मारला नव्हता.

केतकीला पहिल्यांदाच कसंतरी झालं. कारण हे घरीही तसंच होतं. श्रीरंग, तिचा नवरा, आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचा, आंघोळीला गेला की बेसूर गायचा, बातम्या लागल्या की पडद्याशी भांडायचा. तोही अकरा महिने हिरवा होता. आता तो अळणी आमटी मुकाट गिळत होता. "काय झालं रे?" असं विचारलं की म्हणायचा, "काही नाही." तिनं त्याला रागानं, लाडानं, शेवटी कुशीत घेऊन विचारलं होतं. काही नाही. कचेरीतही तेच. साहेबांनी बावीस जणांच्या बदल्या एका सहीनं केल्या आणि एकानंही तोंड वर केलं नाही. लोक म्हणत होते, काय शांतता आली बघा! केतकीला ते घर घरासारखं वाटत नव्हतं, पण तिला वाटलं होतं, आपलाच स्वभाव वाईट.

तिनं पोच-कागद वाचायला घेतला. बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचणं हे तिचं वीस वर्षांचं काम. नमुना क्रमांक एक. दाता : डॉ. मैथिली शेजवळ. नोंद : सतरा फेब्रुवारी, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

केतकीनं तारीख पुन्हा वाचली.

"वन्सं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला कडकपणा आपोआप उतरला. "दोन वर्षांपूर्वी सतरा फेब्रुवारीला आपण कुठं होतो?"

"प्रयोग चालू होता तेव्हा. माझ्याही कानात घंटी होती."

"कुठं होतो विचारलं मी."

मग केतकीच बोलली. "अतिदक्षता विभागाच्या बाहेर. त्या निळ्या बाकावर. मी डबा घेऊन आले होते, पिठलं-भात, तुम्ही झाकणही उघडलं नाहीत. मोठे डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, की अभिजित भावजींचं श्वासाचं यंत्र काढायचं की ठेवायचं ते बायकोनं, म्हणजे तुम्ही, सकाळपर्यंत ठरवा. तुम्ही दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसला होतात. मी विचारलं, 'वन्सं, काय होतंय?' तुम्ही म्हणालात, 'काही नाही.' मला वाटलं, मला झिडकारलंत. महिनाभर राग धरला मी. तुम्ही मला म्हणत नव्हतात ते. घंटीला म्हणत होतात."

"दोघींना," मैथिली म्हणाली.

"आणि ती तुमची आदर्श शांतता?"

मैथिली पडद्याकडे वळली. तिच्यातली शास्त्रज्ञ अजून जिवंत होती, एवढं खरं, कारण ती पुढे बोलू लागली ते स्वतःशीच बोलल्यासारखं. "नाडी बावन्न होती. श्वास उथळ, समान. हालचाल शून्य. सगळ्या खुणा... थिजण्याच्याही त्याच असतात. भीती फार झाली आणि पळायला वाट नसली, की शरीर थिजतं. नाडी चढत नाही, उतरते. गवतात दडलेल्या पाडसाची उतरते तशी. बाहेरून बघणाऱ्याला ते..."

"शांत दिसतं," केतकीनं वाक्य पुरं केलं. "आता माझं ऐका. ज्याला खरोखर काही होत नसतं, तो आपल्यात 'काही नाही' म्हणतो का? तो कुरकुरतो! बसमध्ये जागा मिळाली नाही, भाजीत मीठ जास्त झालं, तुमच्या घंटीनं डुलकी मोडली. 'वैताग आहे नुसता' असं म्हणतो आणि मजेत असतो. ते सगळं तुम्ही ताणात जमा केलंत. आणि ज्याचं आभाळ फाटलेलं असतं तो म्हणतो, काही नाही. सुनांना विचारा. बापांना विचारा. चाळीस हजार माणसांनी खोटं सांगितलं, वन्सं, आणि ते खोटं आहे हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या यंत्राला कोण सांगणार?"

"पण खरोखर शांत असलेलेही 'काही नाही' म्हणालेच असतील काही," मैथिली म्हणाली.

"असतील. मग यंत्रानं काय धरलं? तुम्हीच सांगा, तज्ज्ञ तुम्ही."

मैथिलीनं पडद्यावर खुणांचे आलेख पुढे आणले. "शांत माणसाची ठळक खूण नसते," ती सावकाश म्हणाली. "प्रत्येकाची निराळी असते. थिजलेल्यांची सगळ्यांची सारखी असते. यंत्र सारखेपणा शोधतं." तिनं पडद्यावर दुसरं पान उघडलं. वर्षातून एकदा होणाऱ्या रक्ततपासणीचे आकडे. भीतीच्या वेळी रक्तात उतरणारा ताणरस, ज्याला डॉक्टर कॉर्टिसॉल म्हणतात, तो हिरव्या माणसांत दुपटीनं वाढला होता. "हे मला जूनमध्ये आलं होतं. मी शेरा मारला, तपासणीचं द्रावण जुनं असावं."

"राज्यभरातलं द्रावण एकदम जुनं झालं?"

"हो," मैथिली म्हणाली. "मला तेव्हा... विचारच करता येईना, केतकी."

मग ते झालं. मैथिलीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, त्या बाकाची धरली होती तशीच. "मी यंत्र काढा म्हणून सही केली," ती म्हणाली. "सकाळी. आणि त्यांचा हात गरम होता गं. अकरा महिने मी त्या बाकावरच बसलेय. उठताच येत नाहीये मला. सगळं शहर आणून बसवलं मी तिथं." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि त्याच वेळी तिच्या कानामागचा हिरवा उजेड विझून लाल झाला.

लाल! केतकीनं उठून तिचे खांदे धरले. "बोला, वन्सं. बोलत राहा. मला शिव्या द्या हव्या तर. आत्ताच्या आत्ता तुमच्या अध्यक्षांना, नागवडे साहेबांना फोन लावा आणि हे सगळं सांगा."

फोन लावायची गरज पडली नाही. मुख्य शास्त्रज्ञ लाल झाल्याचं केंद्राच्या अध्यक्षांना आपोआप कळलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात नागवडे साहेबांचा चेहरा उमटला. "डॉक्टर? तुमचा ठिपका क्षणभर लाल दाखवतोय. काही अडचण?"

मैथिलीनं तोंड उघडलं. केतकीच्या तळहातांखाली तिचे खांदे थरथरत होते. नंतर तिच्या मानेतली एक शीर बारीक उडाली, एकदा, दोनदा, आणि थरथर थांबली. जबडा मिटला. गालांवर पाणी तसंच होतं, पण वर डोळे कोरडे पडत गेले. केतकीला हाताखाली ते कळलं. माणूस आत गेला आणि दार लागलं.

"काही नाही, सर," मैथिली म्हणाली. "नमुना चढवतेच आहे." उजेड हिरवा झाला होता.

"छान," नागवडे म्हणाले आणि चेहरा गेला.

केतकीनं खांदे सोडले नाहीत. "वन्सं. आत्ता बोललात ते? बाक? अभिजित भावजी?"

"हो, आठवतंय," मैथिली म्हणाली. "सगळं कळतंय मला. बस खुर्चीत."

आणि यातच सगळं आलं. ती विसरली असती तर पुन्हा सांगता आलं असतं. तिला पटवता आलं नसतं, तर केतकी उद्याही भांडली असती, परवाही. पण हिला पटलं होतं, आठवत होतं, आणि तरी हिच्या तोंडून ते बाहेर पडणार नव्हतं. यंत्राला शांतता कुणी शिकवलीच नव्हती. माणूस ज्या अवस्थेत 'काही नाही' म्हणतो, ती अवस्था शिकवली होती, आणि ते इमानानं सगळ्यांना त्याच अवस्थेत नेऊन ठेवत होतं. आपलं माप खोटं आहे असं सांगू शकणारा एकही माणूस ते मागे ठेवत नव्हतं. श्रीरंग रोज रात्री तिच्या शेजारी असाच पडलेला होता, सगळं कळत असलेला, आणि ती त्याला कुशीवर वळून म्हणत होती, मेल्या, बोल की काहीतरी.

केतकीला आजवर भीती वाटली की ती भांडत असे. तिचा स्वभावच तो. या वेळी भांडायला समोर कुणी नव्हतं. दार बाहेरून बंद होतं. मैथिली ट्रेमधली नमुना चढवायची सुई उचलत होती. केतकी मागे सरली, खुर्चीला लागली आणि नकळत तीत बसली. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. श्वास छातीच्या वरच्या बाजूलाच अडला. छातीतली धडधड उतरत चालली, आणि तिला वाटलं, हे बरं झालं, आता नीट विचार करता येईल.

मग तिनं पडदा बघितला. तिच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला होता.

खाली आकडे पळत होते. बारा सेकंद. तेरा.

तिला क्षणात कळलं. यंत्राला नव्वद दिवस जे सापडलं नव्हतं ते ती आत्ता आपल्या हातानं त्याला देत होती. हलायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, त्या ट्रेला लाथ घालायला हवी होती. चिडायचं, बस, नुसतं चिडायचं! चौदा वर्षांची भांडणं तिनं एकेक करून आठवली. मोदकांच्या पाकळ्या. पडदे. मंडप. एकाचाही राग येईना. एकतीस. बत्तीस. आपण चिडलो नाही तर काय होईल, हेच डोळ्यांपुढे येत होतं, आणि ते आलं की हात आणखी गार पडत होते, ठिपका आणखी हिरवा होत होता. मैथिली सुई हातात धरून पडद्याकडे बघत उभी होती. तिनं एक टोमणा मारला असता तरी पुरलं असतं. त्रेसष्ट. चौसष्ट. केतकी तिच्याकडे बघत राहिली. मैथिलीला काय चाललंय ते कळत होतं. तिच्या मानेतली शीर पुन्हा उडाली, दोनदा, तीनदा, आणि शांत झाली.

नव्वद.

कानामागे किंचित ऊब आली. मैथिलीनं सुई ट्रेमध्ये परत ठेवली. आता तिची गरज नव्हती.

नवा नमुना मिळाला की यंत्र एकदा ताडून बघत असे. केतकीच्या कानात घंटी वाजली आणि एका गोड, सावकाश आवाजानं विचारलं, "काय होतंय?"

केतकीपाशी सगळे शब्द होते. कोणता आधी आणि कोणता नंतर, हेही तिनं मनाशी लावून ठेवलं होतं. तिनं तोंड उघडलं.

"काही नाही," ती म्हणाली.

पडद्यावर उत्तराची नोंद झाली : शांत. त्याखाली आणखी एक ओळ उमटली. नमुना क्रमांक दोन मूळ नमुन्याहून अधिक स्पष्ट. उरलेल्या एकशे अकरा जणांसाठी आदर्श नमुना म्हणून स्वीकारायचा?

मैथिलीनं होकाराचं बटण दाबलं. मग तिनं केतकीचा हात धरून तिला खुर्चीतून उठवलं, आणि दोघी नणंदा-भावजया एकमेकींना काही न बोलता दाराकडे चालू लागल्या.